मी पटवलेली बीएस्सी

तुम्ही जे शिकलात, ते तुम्ही स्वतः निवडलं होतं का? खरं सांगा. की घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजानं निवडलं आणि तुम्ही नुसती मान हलवली?

मी हे विचारते आहे, कारण आमच्या लॅबमध्ये एकदा तो मोठा आवाज माझाच निघाला.

कुपवाडच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी केमिस्ट आहे. त्या दिवशी सकाळी दहा वाजता माझ्या टेबलावर पंपाची सहा कव्हरं आदळली. आदळणारे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर देसाई साहेब.

"मॅडम, कास्टिंग हार्ड आलंय. कस्टमरच्या लेथवर टूल तुटतायत. तुमचा रिपोर्ट काय म्हणतो?"

"ओके म्हणतो, सर."

"रिपोर्ट ओके, मी ओके, तुम्ही ओके. मग टूल काय हौसेनं तुटतायत?"

रिपोर्ट म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर आहे. लोखंडाच्या नमुन्यावर ठिणगी पाडली की कार्बन किती, सिलिकॉन किती, सगळं स्क्रीनवर येतं. या मशीनला गारवा लागतो, म्हणून अख्ख्या कारखान्यात एसी फक्त लॅबला. आणि एसी, कॉम्प्युटर, प्रिंटर एकाच खोलीत असल्यामुळे कामगारांच्या पोरांचे सगळे फॉर्म इथंच भरले जातात. ही आमच्याकडची रीतच आहे. जून-जुलैमध्ये माझ्या टेबलावर सँपलपेक्षा मार्कशीट जास्त असतात.

त्या दिवशीही कोपऱ्यात एक मुलगी फाइल धरून बसली होती. ऋतुजा. आमच्या मेल्टिंग सुपरवायझरची, म्हणजे तानाजी नानांची मुलगी. नाना मूळचे मेढ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन भट्टीवर आले. बारावीत मुलीला मार्क चांगले, सीईटीही चांगली. तिचा बीएस्सीचा फॉर्म मी भरून द्यायचा होता.

ही बीएस्सी माझी कमाई होती. चार दिवस मी नानांशी भांडले होते.

"आवं मॅडम, बीएस्सी म्हटलं की पाव्हणं इचारत्यात, पोरगी सीईटीत नापास झाली का?"

"पाव्हण्यांना विचारा, त्यांच्या मोबाईलच्या आत काय चाललंय ते कुणी शोधलं? नाना, विज्ञान शिकणं ही कमी मार्कांची शिक्षा नाही. सगळ्या देशानं इंजिनिअर व्हायचं ठरवलं तर नवीन शोधायचं कुणी? आपण फक्त दुसऱ्यांनी शोधलेल्याचे नटबोल्ट आवळत बसायचं?"

आमच्या घरात चळवळीची पत्रकं वाचून मोठी झालेली माणसं. मी बोलायला लागले की थांबत नाही. शिवाय मी स्वतः बीएस्सी. इंजिनिअरिंग सोडलं म्हणून माझी आत्या वर्षभर बोलली नव्हती. तेव्हा हा विषय माझ्यासाठी तत्त्वाचा होता.

चौथ्या दिवशी नानांनी टाचा जुळवल्या. "पटलं. बीएस्सी म्हंजे बीएस्सी." फौजी माणूस. पटलं की मागं बघणं नाही. मी त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

तर आता टेबलावर कव्हरं. मी ऋतुजाला म्हटलं, "तुझा फॉर्म जरा थांबू दे," आणि नमुने परत तपासले. कार्बन ठीक. सिलिकॉन ठीक. तासभर आकडे बघत बसले. मागून आवाज आला.

"ताई, हे आकडे कसले? कव्हरावर उठलेत ते."

"साचा बांधताना वाळूत नंबर दाबतात. कितवा साचा, ते कळतं."

"मग हे सगळे सोळापासून पुढचेच कसे? सोळा, अठरा, एकोणीस, वीस..."

मी खुर्चीतून उठले. सहाही कव्हरं सोळापासून पुढची होती. ओळीत वीस साचे. म्हणजे शेवटचे पाचच बिघडत होते.

मग सगळं उलगडलं. भट्टीतलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या बादलीत घेताना त्यात एक पावडर टाकतात. तिला विरजण समजा. त्या विरजणामुळे लोखंडातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बसतो आणि कास्टिंग मऊ राहतं. पण या विरजणाचा जोर दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. दोन दिवस आमची क्रेन रडतखडत चालत होती. लॅडल शेवटच्या साच्यापर्यंत पोचेतो विरजण मेलेलं असायचं. आणि माझा नमुना? तो भट्टीतून घेतलेला, विरजणाच्या आधीचा. रिपोर्ट ओकेच येणार.

मी भारावून गेले. बोर्डवर ग्रॅफाइटच्या पाकळ्या काढल्या. अणू कसे रचले जातात, थंड होताना काय घडतं, सगळं सांगितलं. वाटलं, बघा, ही खरी वैज्ञानिक. हिनं नुसती नजर टाकून पॅटर्न पकडला!

ऋतुजानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पटलं ताई. पण पावडर सुरुवातीलाच का टाकायची? ओततानाच धारेत पडत राहिली तर?"

"टाकणार कोण? धारेजवळ हात कोण नेणार?"

"हात कशाला? लॅडलच्या तोंडाला नरसाळं लावायचं. खाली बारीक भोक."

मी ग्रॅफाइटवर बोलत राहिले. ती माझ्या बोर्डच्या कोपऱ्यात नरसाळं काढत राहिली.

देसाई साहेबांनी ते चित्र पाहिलं. "मोठ्या फौंड्रीत असलंच काहीतरी असतं. आपल्याला कुणाला सुचलं नाही. करून बघू." वेल्डरला बोलावलं. पत्रा कापला. पहिलं भोक मोठं झालं, पावडर भसकन खाली. दुसऱ्यात पावडर अडकली. ऋतुजा जेवायला आली नाही. नाना दोनदा ओरडून गेले, "पिवळ्या पट्टीच्या पुढं पाय टाकायचा न्हाई, सांगून ठेवतो!" तिनं पट्टीच्या अलीकडूनच वेल्डरला सांगितलं, "काका, भोक तेवढंच ठेवा, नरसाळ्याचा उतार वाढवा." तिसऱ्या वेळी पावडर दोऱ्यासारखी पडली.

तीन वाजता पुढची हीट, म्हणजे भट्टीचा एक घाणा, निघाली. विसाव्या साच्याशेजारी आम्ही पाचरीच्या आकाराचा एक तुकडा ओतला. ही फौंड्रीतली जुनी चाचणी. पाचर मोडायची, टोकाला पांढरं दिसलं की लोखंड हार्ड. नानांनी घण घातला. टोक करडं निघालं. साहेबांनी ते उजेडात धरून दोनदा फिरवलं आणि हसले.

लॅबमध्ये परतलो तेव्हा चार वाजून गेले होते. मी कॉलेजची साइट उघडली. "चल, विषय सांग. फिजिक्स, केमिस्ट्री..."

ऋतुजाच्या हाताला काजळी लागली होती, ती फाइलला पुसत होती.

"ताई, इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म आज पाचपर्यंतच आहे ना?"

मला माहीत होतं. सकाळी दोन जणांचे मीच भरले होते. कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमानं लिहायच्या आणि फॉर्म लॉक करायचा. लॉक केला नाही, तर त्या फेरीत तुम्ही नाहीच.

"तुला इंजिनिअरिंग करायचंय?"

"हो. मेकॅनिकल."

"मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"आधी पप्पा इंजिनिअरिंगच म्हणत होते, तेव्हा बोलायची गरज नव्हती. मग तुम्ही त्यांना पटवलं. ते इतके खूश होऊन घरी आले..." तिनं फाइल मिटली. "मला कुणी विचारलंच नाही, ताई."

मला घाम फुटला, त्या एसीत. साडेचारला वीस मिनिटं कमी होती आणि पासवर्ड नानांच्या डायरीत. ऋतुजा पळत जाऊन त्यांना घेऊन आली.

"नाना, पोरीला मेकॅनिकल करायचंय."

नाना माझ्याकडं बघतच राहिले. "आवं, तुमीच तर चार दिस माझं डोस्कं खाल्लं! नटबोल्ट आवळायचं का म्हून!"

"खाल्लं. चुकले. बीएस्सीबद्दल बोलले ते सगळं खरं आहे, पण ते हिच्यासाठी नव्हतं."

"आन मेकॅनिकल? पोरीनं? कम्प्युटर घे की, गारव्यात बसशील."

"पप्पा, मला गारव्यात नाही बसायचं."

नानांनी तिच्या काळ्या हातांकडं पाहिलं. मग खिशातून डायरी काढली. "लय वेळ न्हाई. लिवा."

की-बोर्ड मी तिच्याकडं सरकवला. पहिलं कुठलं, सांगलीचं की साताऱ्याचं? नाना म्हणाले, साताऱ्याला मावशी हाय. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, एवढा नियम फक्त सांगितला. तिनं सांगली आधी टाकलं, सातारा दुसरं. पाचला सात मिनिटं असताना फॉर्म लॉक झाला.

तिला दुसऱ्या फेरीत सांगलीत मेकॅनिकल मिळालं. नरसाळं अजून लॅडलवर आहे, हार्ड कास्टिंगची तक्रार परत आली नाही. नाना आता माझ्याकडं फॉर्म घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला बजावतात, "मॅडमचं भाषान ऐका, पण पोराला घिऊन ऐका."

विज्ञानाच्या बाजूनं मी आजही भांडते. पुढेही भांडेन. पण योग्य उत्तर चुकीच्या माणसाला दिलं की तेही चुकीचंच ठरतं, एवढं त्या दिवशी कळलं.

तुमच्या घरात यंदा बारावीचं कुणी असेल, तर एक काम करा. फॉर्म लॉक करायच्या आधी मोबाईल त्याच्या किंवा तिच्या हातात द्या आणि दहा मिनिटं खोलीबाहेर जाऊन बसा. दार ओढून घ्या. आतून हाक आल्याशिवाय उघडू नका.