तोंडातले खिळे

खुर्च्या-कोचांना कापड मढवण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत, आणि ते उगाच नव्हे. मूठभर बारीक खिळे तो तोंडात टाकी. जीभ एकेक खिळा वळवून ओठांवर आणून ठेवी. डाव्या हाताने कापड ताणून धरलेलं, उजव्या हातात चुंबकाची हातोडी. ओठावरचा खिळा ती अलगद टिपायची आणि एका ठोक्यात लाकडात बसवायची. सुरकुती म्हणून शोधून सापडायची नाही. कारखाना घराच्याच पुढच्या खोलीत. बायको म्हणायची, "यांच्या तोंडात खिळे असतात तेवढीच घरात शांतता."

थुंकीत रक्त दिसलं की उस्ताद म्हणे, खिळा लागला असेल. मग तेवढ्या जागी ब्रश लावायचाच नाही. जखम आपली आपण भरू द्यावी, हा त्याचा हिशेब.

साठीला जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी झाली होती, बदलायला हवी होती. पण ऑपरेशनची तारीख देण्याआधी डॉक्टरांनी त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तोंड निरोगी असल्याचा कागद आणा, मगच पुढचं बोलू.

"छातीचं दुखणं आणि दात कशाला बघायचे?" उस्ताद वाटभर कुरकुरत होता.

"गेल्यावर विचारा की," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी बारीक सळई हिरडीच्या कडेने फिरवली आणि रक्त आलं.

"खिळ्यांनी लागतं," उस्ताद घाईने म्हणाला.

"खिळे टोचले तर एका जागी टोचतील, काका. इथं सगळी हिरडी सुजलीय. रक्त येतं म्हणून तुम्ही घासणं सोडलं, तिथं कीट साचलं, म्हणून आणखी रक्त येतं. हे जंतू रक्तात उतरतात, नव्या झडपेवर घर करू शकतात. आणि हिरड्यांची सूज हिरड्यांपुरती राहत नाही, अंगात मुरते. ज्यांच्या हिरड्या अशा, त्यांच्यात हृदयविकारही जास्त दिसतो. एकामुळेच दुसरं होतं, असं मात्र मी शपथेवर सांगणार नाही."

दोन दात काढले, बाकीचे खरवडून साफ केले. महिन्याने या, म्हणाल्या.

महिन्याने जायच्या दिवशी रक्त दिसू नये म्हणून उस्तादाने तुरटीच्या पाण्याने खळखळून चुळा भरल्या. हिरड्या आवळून घट्ट झाल्या. सळई फिरली, आणि रक्त आलंच.

"रोज घासता?"

"घासतो."

"रक्ताच्या जागीसुद्धा?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिची नजर त्याला हातोडीपेक्षा जड गेली.

"नाही घासत," तो म्हणाला. "भीती वाटते. आपल्याच हाताने फाडतोय असं वाटतं."

कागद मिळाला नाही. आणखी सहा आठवडे.

माणूस कसला आहे ते या सहा आठवड्यांत कळलं. खिळे तोंडातून कायमचे बाहेर काढून त्याने ते डबीत ठेवले. रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभा राहून, डॉक्टरीणबाईंनी दिलेला, दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश तो असा फिरवी, जसा शिवणीत अडकलेला जुना धागा सुईने काढावा. घाई नाही, जोर नाही, एक फट सुटायची नाही. पहिले आठ दिवस बेसिन लाल होत राहिलं. त्याने हात थांबवला नाही. प्रत्येक खिळ्यासाठी डबीकडे हात न्यावा लागे, दिवसाला एकच खुर्ची व्हायची, गिऱ्हाईक चिडलं तर म्हणे, "थांबा नाहीतर न्या."

सहा आठवडे भरले. सळई पहिल्या दाढेपासून शेवटच्या दाढेपर्यंत फिरली आणि स्वच्छ बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी ती पुन्हा फिरवली, मग कागद ओढून सही केली.

उस्ताद खुर्चीत तसाच, आ वासून, छताकडे बघत.

"अहो," बायको म्हणाली, "मिटा आता तोंड. तारीख घ्यायला जायचंय."