शून्यावर आणलेला काटा

रानडुकरं हाकलायला बाबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. बंदुकीची दारू ते पितळी मापानं घ्यायचे आणि वरून बोट फिरवून सारखी करायचे. मला तो अडाणीपणा वाटायचा, आणि तसं मी तोंडावर बोललोही होतो. मग बुलढाण्याहून, सोनाराकडे असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आलो.

एका संध्याकाळी मोजायच्या वाटीत आधीची बरीच दारू उरली होती. ती काढायचं सोडून मी घाईत तशीच वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि वरून पुन्हा पुरतं वजन घेतलं.

"जास्त वाटून राह्यली रे," बाबा वाटीकडे पाहून म्हणाले.

"काटा खोटं बोलते काय?" मी चिडलो.

शिकलेल्या पोराचं त्यांनी ऐकलं. त्यांनी सगळी वाटी नळीत ओतली. मक्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, बंदूक फुटली आणि त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा मी खाटेजवळच उभा होतो.

"अंदाजानं भरली साहेब," बाबा म्हणाले. "माहा अंदाज चुकला."

मी तोंड उघडलं नाही. गावात लोक अजून म्हणतात, म्हाताऱ्यानं पोराच्या काट्यावर भरोसा ठेवाले पाहिजे होता.