शिंगट्यांचे पाणी

लढाईच्या वर्षांत आम्ही लोणावळ्यात राहत होतो. स्टेशनच्या जिन्यावरून पाय घसरून माझ्या यजमानांची मांडी मोडली. हाड जुळत आले तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. डॉक्टर रोज म्हणत, आता उठून बसा. ते ऐकत नसत.

एका बंगल्यातले सामान विकायला निघाले, त्यात लोखंडी चौकटीची काचेची पेटी मिळाली. ती मी पलंगाशेजारी मांडली, तळाला वाळू आणि फुटक्या कौलाचा तुकडा ठेवला. पाणी भरणाऱ्या मावशींनी ओढ्यातून बोटाएवढ्या, लांब मिशांच्या पाच शिंगट्या आणून दिल्या.

“बाई, ह्या कालवणाच्या हायेत. नुसत्या बगत कोन बसतंय?”

“आमच्याकडे मासे शिजत नाहीत, मावशी.”

“मंग माज्याकडं धाडा. लय दुवा दीन!”

पलंगावरून हसू ऐकू आले. भिंतीकडचे तोंड वळले होते.

शिंगट्या दिवसभर कौलाखाली दडत. दिवेलागणीला बाहेर येऊन मिशांनी वाळू चाचपत. मी परसातली गांडुळे करवंटीत आणी, आणि यजमान पडल्या पडल्या चिमट्याने ती खाऊ घालत.

पावसाळ्यात विहीर गढूळ झाली. यजमानांनी फर्मावले, “आपण पितो तेच पाणी त्यांना द्यायचे.” म्हणजे चिंचेने लखलखीत घासलेल्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर निवळलेले. मलाही ते पटले. थोड्याच दिवसांत शिंगट्या वर येऊन तोंडे उघडू लागल्या. दोन मेल्या.

“उरलेल्या ओढ्यात सोडून दे,” असे म्हणून यजमान पुन्हा भिंतीकडे वळले. त्याची मला माशांपेक्षा जास्त धास्ती वाटली.

पेटी रिकामी करताना तिघींना परसातल्या मातीच्या रांजणात ठेवले. त्यात पागोळ्यांचे पाणी साठले होते. दुपारी पाहते तो तिघी तळाशी सुळसुळत होत्या. मी पेटी धुऊन पुन्हा हंड्याच्या पाण्याने भरली, त्यांना आत सोडले. लागलीच वर आल्या. मग वाळू तीच, कौल तेच, फक्त पाणी रांजणाचे घातले. हळूहळू तळाला गेल्या. आता संशय घ्यायला हंड्याशिवाय काही उरले नाही.

“तांब्याचे पाणी बाधते त्यांना,” मी सांगितले.

“काहीतरीच! आपण जन्मभर पितो आहोत.”

“तुम्ही खुशाल प्या. त्यांना रांजणातलेच मिळेल.”

त्यावर त्यांनी बराच वाद घातला. मी स्वयंपाकाला लागले. कंदील लावून आत आले, तर ते कोपरावर रेलून पेटीत वाकून पाहत होते.

“दोन दिसतात. तिसरी कौलामागे आहे की गेली, इथून कळत नाही. जरा उठवून बसव मला.”

मी दोन लोड आणून त्यांच्या पाठीशी दिले.