टीव्हीवरचा आमचा शेषा

माणूस टीव्हीवर दिसायला लागला की त्याचे किस्से बांधावरच्या गवतासारखे वाढतात. पेरायला कोणी जात नाही, तरी वाढतात. कळमनुरीच्या आठवडी बाजारात जरा वेळ उभे राहा, आमच्या शेषाचे दहा किस्से ऐकायला मिळतील. त्यातले नऊ घडलेलेच नाहीत. मुंबईच्या त्याच्या बंगल्यात लिफ्ट आहे म्हणे! कुत्र्याच्या खोलीला एसी आहे म्हणे! मी त्या घरी राहून आलोय. तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि कुत्रं नाहीच.

माझं कळमनुरीत मंडप आणि साउंडचं दुकान आहे. शेषा तांड्यावरचा, मी गावातला. शाळेत एका बाकावर. पुढं तो विनोदी नट झाला आणि मी त्याचे स्पीकर लावत राहिलो. म्हणून मी स्वतः हजर होतो तेवढंच सांगतो.

* * *

टीव्हीच्या आधी शेषा माझ्या रिक्षात बसून अलाउन्सिंग करायचा. यात्रा, कुस्त्या, दुकानाचं उद्घाटन, काय असेल ते. एकदा एका पुढाऱ्याची सभा होती. त्यांच्या माणसानं मजकूर लिहून दिला. शेषानं दोन गावं तो इमानदारीत वाचला. तिसऱ्या गावात कोणी मान वर करून बघेना, तेव्हा आपल्या मनानं एक ओळ जोडली, "सभेनंतर जेवणाची उत्तम सोय केलेली आहे!"

मैदान गच्च भरलं. बायका लेकरं घेऊन आल्या, काहींनी तर घरून ताटं आणली. इकडं स्टेजमागं दोन दांडग्या माणसांनी शेषाला दंडाला धरून साहेबांपुढं उभं केलं. मी हातात वायर धरून जागच्या जागी थिजलो.

साहेबांनी अगदी हळू विचारलं, "जेवणाचं कोणी सांगितलं?"

शेषा म्हणाला, "साहेब, तुमच्या माणसानं नुस्तं भाषणाचं लिहून दिलं होतं. त्याच्यावर कोण आलं असतं?"

एकानं हात उगारला. मी डोळे मिटले. पण फटका काही ऐकू आला नाही. डोळे उघडून बघतो तर साहेब पडदा जरासा सारून मैदान न्याहाळत होते. एवढी माणसं त्यांच्यापुढं कधी बसली नव्हती. पडदा सोडून ते वळले.

"तांदूळ मागवा," म्हणाले, "तोपर्यंत मी भाषण लांबवतो!"

* * *

टीव्हीच्या ऑडिशनला मी त्याच्यासोबत संभाजीनगरला गेलो होतो. त्याआधी दोनदा तो नापास होऊन आला होता. या खेपेला जमलं नाही तर बाप म्हणेल तसं हळद काढायला जायचं, असं कबूल करून आला होता.

रस्ताभर त्यानं मला सगळं पाठ म्हणून दाखवलं. आत गेला, नमस्कार केला आणि थांबला. एक शब्द आठवेना! दाराच्या फटीतून मी बघतोय. शेषा वर बघतो, खाली बघतो, तोंड उघडतो, परत मिटतो. डोळ्यांत पाणी आलेलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात परीक्षकांतल्या बाई फिस्सकन हसल्या. मग शेजारचे हसले. मग सगळे टेबल बडवून हसायला लागले. "पाठांतर विसरलेला माणूस! काय ऑब्झर्वेशन आहे! एपिसोडला हेच करायचं, बराबर असंच!"

बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड निवड झालेल्या माणसाचं दिसत नव्हतं. पायरीवर मटकन बसला.

"काहून रे? झालं ना सिलेक्शन!"

"अरे पण तसं आता कसं करू, बबन?" तो म्हणाला. "आता सगळं आठवलं ना!"

* * *

त्याचा पहिला एपिसोड तांड्यावर बघायचा ठरला. लाइट गेली, म्हणून मी दुकानातला जनरेटर नेला. समाजमंदिरात पन्नास-साठ माणसं आणि सगळ्यात पुढं शेषाचा बाप. हा माणूस हसलेला तांड्यावर कोणी पाहिला नव्हता. शेषा माझ्याशेजारी, भिंतीला टेकून.

एपिसोड सुरू झाला. विसरलेल्या माणसाच्या जागी शेषानं टीव्हीवर बापच उभा केला होता! तेच धोतर, तेच कंबरेवर हात ठेवून ओरडणं, तेच लंगडत चालणं. पहिल्यांदा सगळे खदखदून हसले. मग एकेकाचं लक्ष पुढं बसलेल्या म्हाताऱ्याकडं गेलं आणि हसू विझत गेलं. शेवटी नुस्ता जनरेटरचा आवाज.

म्हातारा उठला. कंबरेवर हात ठेवून लंगडत टीव्हीकडं निघाला. पडद्यावर एक बाप, पडद्यापुढं दुसरा. तांडा ओठ दाबून बसलेला. शेषा माझ्या कानात पुटपुटला, "फोडतो आता टीव्ही."

म्हातारा वाकला. पडद्याला नाक लावून नीट बघितलं. मग पोराकडं वळला.

"चूक करून राहिला," म्हणाला. "माझा डावा पाय वढते. उजवा न्हाई!"

* * *

पुढं शेषाचं नाव झालं. मोठी गाडी आली, कळमनुरीत प्लॉट घेतला, बंगल्याचा पाया खोदला. आणि एक दिवस भर दुपारी माझ्या दुकानात बसलेला असताना त्याला फोन आला.

त्याचा चेहरा बघूनच मी शटर अर्धं ओढलं. त्यानं मोबाइल स्पीकरवर टाकला. हिंदीत धमकी. लेकीचं नाव, शाळेचं नाव, शाळा सुटायची वेळ सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. पैसे पोचले नाहीत तर बघ म्हणाला. मी दुसऱ्या फोनवरून पोलिसात असलेल्या मेव्हण्याला मेसेज केला आणि खुणेनं सांगितलं, बोलत राहा, फोन ठेवू देऊ नको.

शेषा कसाबसा म्हणाला, "भाऊ, लेकराचं नाव घेऊ नका."

मग तोच आवाज, पण मराठीत, "सर, तुमचा आवाज खरंच असाच आहे का? टीव्हीवर येते तसा?"

"व्हय."

"ते सासऱ्याला ओटीपी मागतेत ते एकदा म्हणता का? घरचे सगळे बघतेत आमच्या."

आणि शेषानं म्हटलं! टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्यानं अख्खा सीन म्हटला. सासऱ्याचा आवाज, जावयाचा आवाज, मधे सासूचा खोकला. पलीकडचा माणूस हसून हसून ठसकला. तेवढ्या वेळात मेव्हण्यानं फोन कुठून येतोय ते शोधून काढलं, आणि संध्याकाळी वसमत रोडला माणूस सापडला.

जबाब द्यायला गेलो तेव्हा फौजदारसाहेबांनी सगळं लिहून घेतलं, कागद बाजूला ठेवला आणि घसा साफ केला.

"ते सासऱ्याचं नेमकं काय आहे हो?"

* * *

हिंगोलीच्या मैदानावरचा शो मी कधी विसरणार नाही. खुर्च्या भरल्या, मग बांबूचं कुंपण मोडलं, मग पोरं माझ्या स्पीकरच्या टॉवरवर चढली. टॉवर हलायला लागला. खाली पहिल्या रांगेत बायका आणि लेकरं. मी ओरडून राहिलो, पोलीस शिट्ट्या मारून राहिले, पण त्या गोंगाटात कोण ऐकतं! मी स्टेजवर धावलो आणि शेषाला एवढंच म्हणालो, "टॉवर पडंल."

त्यानं वर पाहिलं. मग स्टेजच्या कडेला मांडी घालून बसला, माइक ओठाला लावला आणि कुजबुजायला लागला. अगदी हळू. पुढचे म्हणाले, "ए, गप बसा, काहीतरी सांगून राहिला!" त्यांच्या मागचे गप्प झाले, मग त्यांच्याही मागचे. चुप्पी मैदानाच्या टोकापर्यंत पसरत गेली. माणसं ऐकायला खाली बसली. टॉवरवरची पोरं कान देऊन स्थिर झाली आणि आम्ही त्यांना एकेक करून खाली घेतलं. पोटाशी दोर गुंडाळून मीच शेवटच्या पोराला उतरवलं. तोवर शेषा बोलतच होता.

नंतर मी विचारलं, "काय सांगून राहिला होतास रे इतका वेळ? मला तर एक अक्षर कळलं नाही."

"आमच्या तांड्यावरच्या बैलांची नावं," तो म्हणाला. "आजोबाच्या काळापासूनची."

* * *

मागच्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नांदेडला झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलं. आवाज येईल, पण कसा येईल ते सांगता येत नाही, म्हणाले. शेषा गावी राहिला. पाटीवर लिहून बोलायचा. चॅनलनं दोनदा फोन केला, मग दुसऱ्याला घेतलं. तो चांगलाच वाळला, दाढी वाढली.

सहा आठवडे भरले त्या दिवशी मी गाडी चालवली. मागं शेषा आणि कविता वहिनी. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "बोला आता." शेषानं मान हलवली. तिथं बोललाच नाही. परतीच्या रस्त्यावरही नाही. वहिनी एकदाच म्हणाल्या, "घरी गेल्यावर बोला, तकलीफ घेऊ नका."

वारंगा फाट्यावर चहाला थांबलो. चहावाल्यानं फडकं मारत विचारलं, "किती?"

मी बोलणार तेवढ्यात शेषा म्हणाला, "तीन."

जड, फाटका आवाज. पत्र्यावर रेती ओढावी तसा. वहिनींनी हातातला पदर घट्ट धरला. मी रस्त्याकडं बघितलं.

चहावाला मात्र शेषाकडं टक लावून बघत होता. "दादा, एक बोलू का? तुमचं तोंड त्या टीव्हीवाल्या शेषासारखं आहे. आवाज मात्र न्हाई."

"व्हय," शेषा म्हणाला. "सगळेच म्हणतेत."

"मला येते त्याचा आवाज!" चहावाला खुलला. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं, छाती काढली. "रामराम मंडळी! बसले का सगळे? बसा, बसा, उभ्यानं हसलं की पोटात दुखते!"

हुबेहूब! डोळे मिटले असते तर मी फसलो असतो. बाकड्यावरचे दोन ट्रकवाले हसले. वहिनी उठून गाडीत जाऊन बसल्या. शेषानं ग्लासातला चहा संपवला आणि रिकामा ग्लास पुढं ठेवला.

"आणखी एक होऊ द्या."

चहावाला किटलीकडं वळला.

"चहा न्हाई," शेषा म्हणाला.