स्लायगोतलं निलगिरीचं सोनं

डब्लिनहून गाडी सुटली तेव्हा बारीक पाऊस होता. २०२१चा ऑक्टोबर. सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये दीड वर्ष लॅपटॉपसमोर काढून मी पहिल्यांदाच शहराबाहेर पडत होते. खिडकीतून आधी कालवा दिसला, मग तपकिरी दलदलीची माळरानं, मग तळी, आणि शेवटी सुरीने कापल्यासारखा सपाट माथ्याचा डोंगर. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं स्लायगो आलं.

मावसबहीण ज्योतीताईच्या घरी तिच्या सासूबाईंनी, माईंनी, आधी हातात गरम थालीपीठ ठेवलं, मग काम सांगितलं. माई साताऱ्याकडच्या. थोड्या दिवसांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या. आता पुढच्या आठवड्यात निघणार होत्या. लॉकडाउनमध्ये ज्योतीताई आणि भाऊजी दोघंही हॉस्पिटलच्या ड्यूटीवर असायचे, तेव्हा गल्लीतले शेजारी दाराशी ब्रेड, दूध ठेवून जायचे. त्यांना दसऱ्याचं सोनं दिल्याशिवाय हलायचं नाही, हा माईंचा हट्ट. पण इथे आपटा कुठून आणणार?

“सोनेरी कागदाची पानं कापलीत की मी,” ज्योतीताई म्हणाली.

“कागदाची? मग चाकलेटचा कागुदच वाट की! झाडाचं पान पायजे. पोरी, तुला इंग्लिश येतंय न्हवं? उद्या सकाळी चल माझ्यासंगं.”

इंग्लिश येतं. अनोळखी माणसाशी बोलणं येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही समुद्राकडच्या रस्त्याने निघालो. माई प्रत्येक कुंपण तपासत होत्या. एकाला काटे, दुसऱ्याचं पान फारच मोठं. मग एका बुटक्या भिंतीपलीकडे चंदेरी-निळं झुडूप दिसलं. नाण्याएवढी गोल पानं, डहाळीला समोरासमोर दोन-दोन चिकटलेली. जोडी चिमटीत धरली की थेट आपटा.

माई फाटक उघडून आत.

“माई, परक्यांची बाग आहे!”

“इचारतेच की.”

आणि त्यांनी विचारलं, झाडाला. हात जोडले, डोळे मिटले. तेवढ्यात घराचं दार उघडलं. सपाता घातलेली, चहाचा मग हातात घेतलेली एक बाई झुडपासमोर उभ्या माईंकडे बघत राहिली.

“या ठीक आहेत ना?” तिने मला विचारलं.

मी एका दमात दसरा, आपटा, शेजारी सगळं सांगून टाकलं.

“शेजाऱ्यांसाठी? ग्रँड!” (ग्रँड म्हणजे इथे ‘चालेल’पासून ‘उत्तम’पर्यंत काहीही.) तिचं नाव ब्रीडा. ती आतून कात्री घेऊन आली.

शेजारी एक उंच झाड होतं. साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटलेली, आत गुळगुळीत गुलाबी-पिवळट खोड, कोयत्यासारखी लांब पानं. “तेही हेच,” ब्रीडा म्हणाली. “टास्मानियाच्या डोंगरावरचं, थंडीला न घाबरणारं. वाढू दिलं की पानं अशी लांब होतात. या धाकट्याला मी दर वसंतात गुडघ्याएवढं छाटते, म्हणून त्याला बाळपणीचीच पानं येतात. मोठं व्हायला सवडच देत नाही त्याला!”

माईंनी पान चुरगाळून हुंगलं. “अगं, ही तर निलगिरी! सर्दीवरची!”

पुण्यात निलगिरी मी हजारदा पाहिली असेल, पण तिला असं बाळपण असतं हे माहीतच नव्हतं.

माईंनी पहिली जोडी ब्रीडालाच दिली. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.” मी भाषांतर केलं.

“माझ्याच झाडाचं पान मलाच?”

“तिला सांग, आमच्यात बी असंच असतंय. तेच पान समद्यांच्या दारी फिरतंय. आणि तू वाक की पोरी, मोठी हाय ती.”

मी वाकले. “काही पडलं का गं?” म्हणून ब्रीडाही वाकून शोधायला लागली.

संध्याकाळी माई गल्लीत दारोदार गेल्या. दर शुक्रवारी ब्रेड ठेवणारे म्हातारे गृहस्थ दोन पावलं मागे सरकले आणि मास्क खाली करून हसले. दीड वर्ष त्यांचा फक्त हलणारा हात पाहिलेल्या माई बघतच राहिल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “दात किती झ्याक हायत की यांचं!” याचं भाषांतर मी केलं नाही. ते मात्र पान कोटाच्या खिशात जपून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी निघताना माईंनी विचारलं, “तुझ्या शेजारी कोण ऱ्हातंय?”

“नाव माहीत नाही.”

“नाव ठावं न्हाई? मग दोन पानं जास्त ने.”

परतीच्या वाटेवर कुठल्याशा स्टेशनामागे तीच चंदेरी पानं दिसली. जाताना ती तिथेच असणार; मी पाहिली नव्हती. पूर्ण प्रवासभर मी मनात पहिलं वाक्य जुळवत होते. घरी पोचताच पानं हातात घेऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. माझ्याच वयाच्या मुलीने दार उघडलं, हवा हुंगली आणि म्हणाली, “निलगिरी? तुला सर्दी झालीय का?”

“नाही,” मी म्हणाले, “काल आमचा दसरा होता.”