बाईंच्या आवाजाचा परवाना

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांची बायको शाळेत गणित शिकवायची. सगळे तिला बाई म्हणायचे, काकाही. बाईंच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी बाई रोज माइकसमोर बसून वाक्यं वाचत होत्या. त्यातून एका कंपनीच्या प्रोग्रामने त्यांचा आवाज तयार केला. बाईंनी टाइप करायचं, कॉम्प्युटरने त्यांच्या आवाजात बोलायचं.

आवाज जरा सपाट होता, पण दटावणी अस्सल. "अहो, आधी ते ग्रीसचे हात धुवा!" ऐकलं की काका मुकाट्याने मोरीकडे वळायचे.

काही वर्षांनी कंपनीने गाशा गुंडाळला. एका सकाळी पडद्यावर अक्षरं आली: परवाना तपासता आला नाही. बाई टाइप करत राहिल्या, कॉम्प्युटर गप्प. काकांनी धावत जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला आणलं. त्याने इंटरनेटची वायर काढली, तारीख मागे नेली आणि प्रोग्राम चालू झाला.

"आता वायर लावायची नाही, आणि आतलं काही बदलायचं नाही," तो म्हणाला. "मशीन नवीन वाटलं, की हा परत परवाना मागणार. द्यायला तिकडे कुणी उरलेलं नाही."

"बरं झालं," कॉम्प्युटरमधून बाई म्हणाल्या. "माझं वय वाढायचं थांबलं."

काका त्या डब्याला तळहातावरच्या फोडासारखं जपू लागले. धूळ झटकायची, कापड घालायचं, पाहुण्यांची पोरं जवळ फिरकू द्यायची नाहीत. तरी डिस्क कुरकुरायला लागलीच. दुरुस्तीवाल्याने सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, तर प्रोग्रामने ओळखच दाखवली नाही. काकांनी शोधाशोध करून कंपनीतल्या एका जुन्या माणसाला फोन लावला.

"आवाज तुमच्याकडेच आहे हो," तो म्हणाला, "पण त्याची किल्ली आमच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर भंगारात गेले. काय बोलू मी तुम्हाला?"

शेवटी जुनीच डिस्क परत बसवली. कण्हतकुंथत चालू झाली. त्यांची लेक परगावी होती. काकांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. "अगं, पोरीसाठी काहीतरी बोलून ठेव."

बाईंनी कळफलक पुढ्यात ओढला. मग आवाज आला, "बाळा, जेवलीस का?" थोड्या वेळाने, "पोचल्यावर फोन कर." त्या पुढचं टाइप करत होत्या, तेवढ्यात आतून खरखर झाली आणि सगळं थिजलं. पडद्यावर वाक्य तसंच राहिलं: अहो, बीपीची गोळी घेतलीत का?

"घेतली," काका म्हणाले. घेतली नव्हती.

दुरुस्तीवाल्याने दुसरा प्रोग्राम घालून दिला. त्यात कुणा तरुण मुलीचा गोड आवाज होता. लेकीचा फोन आला तेव्हा बाईंनी तोच लावला. पलीकडून लेक म्हणाली, "कोण बोलतंय? आईला द्या ना." बाईंनी फोन काकांच्या हातात दिला आणि कॉम्प्युटर बंद केला. तो पुन्हा लावला नाही.

आता लागेल तेवढं त्या पाटीवर लिहितात. परवा लेकीचा फोन आला. काकांनी हवापाण्याचं विचारलं आणि त्यांचं बोलणं संपलं. बाईंनी फोन मागून घेतला, कानाला लावला. पलीकडे लेक रडत होती. "आई, ऐकतेयस ना?" बाईंनी नखाने फोनवर टकटक केलं. लेकीला ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ती पुन्हा तेच विचारत राहिली.