आतल्या शिवणीतला धागा

गल्लीत तिला सगळे रफूवाली म्हणत. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवी, की गिऱ्हाईक कोट उलटसुलट करून बघे आणि शेवटी तिलाच विचारी, "भोक होतं कुठे?" यात जादू काही नव्हती. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून ती धागे काढी आणि समोर विणी. समोरचं साधायचं तर आतलं थोडं विरळ होणारच, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं.

तिची अर्धशिशी जुनी. आधी कापडाची वीण झिलमिलू लागे, मग गिऱ्हाइकाचा अर्धा चेहराच नाहीसा होई. उरलेल्या अर्ध्याशी ती अदबीने बोले, सुई खोचून ठेवी आणि गोळी घेई. तासा-दोन तासांत दुखणं कुठेतरी लांब तरंगत जाई. "फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळते ही गोळी," औषधवाला एकदा सहज म्हणाला आणि बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला. आवळते म्हणजे रक्त कमी. म्हणजे आतलं काहीतरी विरळ होत असणार.

काय, तेही तिने शोधून काढलं. सात वर्षांपूर्वी गेलेल्या ताईचा आवाज. ताईनेच तिला सुई धरायला शिकवलं होतं. ताईचे शब्द आठवत, हसताना तोंडावर हात धरणं आठवे. आवाज काही केल्या येईना. उरलंसुरलं तरी वाचावं म्हणून तिने गोळ्या बंद केल्या आणि तीन-तीन दिवस पडदे ओढून भिंतीकडे तोंड करून पडू लागली. मुलीने हात टेकले.

शेवटी मुलीनेच तिला ओढत इस्पितळात नेलं. तिथे याच गोळीचा अभ्यास चालू होता. गोळीच्या आधी आणि नंतर तिला एका लांब नळीत निजवलं. यंत्र ठकठकत राहिलं. डोळे मिटल्यावर तिला वाटलं, आपण एका मोठ्या कोटाच्या अस्तरात शिरलोय, आणि आजूबाजूने कोमट रक्त सावकाश चाललंय, कसलीच घाई नाही. तिला तिथून उठूच नये असं झालं.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली. "हे बघा. गोळीने बाहेरच्या आवरणातल्या वाहिन्या थोड्या आवळल्या. आत मेंदूत रक्त जवळजवळ होतं तेवढंच आहे. तुमचं काही कमी झालेलं नाही."

"मग ताईचा आवाज?"

"तो गोळीने नाही नेला. वर्षं गेली की विसरतो आपण. माझ्या वडिलांचा मलाही नाही आठवत."

मुलगी सुटल्यासारखी हसली. रफूवालीनेही मान डोलावली, बाहेर आली आणि बाकावर बसली. गोळीशी भांडण होतं तोवर ताई कुठेतरी अडकलेली होती, परत मिळण्यासारखी. आता भांडायला कुणी उरलं नाही. चारचौघांत तिला हुंदका फुटला.

"आई, डोकं दुखतंय का?" मुलीने घाबरून विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "डोकं शाबूत आहे. ताई गेली."